गॅरेजच्या छताला कयाक टांगायची तर

पुण्यात स्वतःची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांब, निमुळती बोट, असणं आता फार नवलाचं राहिलेलं नाही. पवना, मुळशी, पानशेत-वरसगाव हे सगळं पाणी सकाळी निघून दुपारी परत येता येईल इतक्या अंतरावर आहे. सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा, म्हणजे नदीवरचा बोटींचा सोहळा, पाहून या नादाला लागलेली मंडळीही बरीच आहेत. खरा प्रश्न बोट घरी आल्यावर सुरू होतो. दहा-बारा फुटांची, पंचवीस-तीस किलोंची ही वस्तू ठेवायची कुठे? भिंतीला टेकवून उभी केली तर ती घसरते. जमिनीवर ठेवली तर गाडी आत येत नाही. गच्चीवर टाकली तर एप्रिल-मेचं ऊन प्लास्टिकची वाट लावतं. मग नजर आपोआप वर जाते, कारण गॅरेजमध्ये रिकामी जागा फक्त तिथेच असते.

कप्पी आणि दोरीने बोट वर ओढून टांगणं हा उत्तम उपाय आहे. मात्र एक गोष्ट मनाशी पक्की करून कामाला लागा. बोट वर ओढायला दोन मिनिटं लागतात, पण नंतर ती आठवडेच्या आठवडे, पावसाळ्यात तर महिनोन् महिने तशीच लटकलेली असते. बाजारात मिळणारे तयार संच आणि त्यांच्या जाहिराती ती दोन मिनिटं किती सोपी होतील तेवढंच सांगतात. काळजी करायची ती उरलेल्या काळाची. सतत टांगलेल्या वजनाखाली नायलॉनची दोरी ताणते, प्लास्टिक वाकतं, छतातला बोल्ट ढिला होतो, आणि हे सगळं इतकं हळू होतं की रोज बघणाऱ्यालाही कळत नाही. पुढची प्रत्येक निवड याच हिशेबाने केली आहे.

आधी टेप घ्या

जमिनीपासून छतापर्यंतची उंची मोजून थांबू नका. छताखाली जे सगळ्यात खाली आलेलं असेल तिथपर्यंत मोजा: बीम, ट्यूबलाइट, पाण्याचा पाइप, शटरचा ड्रम. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये बीमखाली बहुतेक ठिकाणी साधारण २.४ मीटर मिळतात, जुन्या बंगल्यांच्या गॅरेजमध्ये थोडं जास्त. यातून कप्पी, आडवी दांडी आणि बोटीची स्वतःची खोली मिळून ६० ते ६५ सेंटिमीटर वजा करा. २.४ मीटरमध्ये खाली पावणेदोन मीटर उरतात. लहान हॅचबॅक गाडी दीड मीटरच्या आसपास उंच असते, ती सहज जाते. मोठी एसयूव्ही पावणेदोनच्या वर जाते, तिच्या डोक्यावर बोट टांगता येणार नाही. आणि गाडीची डिकी उघडल्यावर तिचं दार कुठपर्यंत येतं तेही पाहा. टेपने मोजताना हे हमखास राहून जातं.

लांबीचंही तसंच. गाडीची एक जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर धरलेली असते. बारा फुटी बोट त्यात आरामात बसते. सोळा-सतरा फुटी टूरिंग कयाक मात्र शेजाऱ्याच्या हद्दीत डोकावते, म्हणून तिच्यासाठी भिंतीलगतची जागा बघा.

छताचं परीक्षण

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुण्यात गॅरेजचं छत चार-पाच तऱ्हेचं असतं आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो.

कोथरूड, सहकारनगर, औंधकडच्या बंगल्यांत बहुधा आरसीसी स्लॅब आणि नऊ इंची बीम असतात. स्लॅबच्या पोटात भोक पाडून त्यात हूक अडकवायचा मोह होतो, कारण पंखाही तसाच लटकतो असं वाटतं. पण पंख्याचा हूक स्लॅब ओततानाच सळईला अडकवलेला असतो. आपण नंतर ठोकलेला फास्टनर, म्हणजे भोकात फुलून बसणारा बोल्ट, फक्त घर्षणावर धरून राहतो. शिवाय मधल्या भागात स्लॅबची खालची बाजू ताणाखाली असते. काँक्रीटला बारीक भेगा पडतात त्या तिथेच, आणि वजन बोल्टला सरळ बाहेर ओढत असतं.

त्यापेक्षा बीमच्या कुशीत, म्हणजे उभ्या बाजूत, आडवं भोक घ्या. मग वजन बोल्टला बाहेर ओढत नाही, त्याला आडवा दाब देतं, आणि हा दाब बोल्ट फार चांगला सोसतो. बीमच्या मुख्य सळया मधल्या भागात खालच्या बाजूला असतात, म्हणून खालच्या कडेपासून निदान सहा इंच वर राहा. ड्रिल मध्येच अडलं आणि धातूचा आवाज आला, तर ती रिंग किंवा सळई आहे. जोर लावू नका. दोन इंच सरकून नवीन भोक घ्या आणि जुनं सिमेंटने बुजवा.

भोकाआधी हातोडीने ठोकून पाहा. छोटी हातोडी घेऊन बीमवर फूट-फूट अंतराने हलके ठोके द्या. चांगलं काँक्रीट टणक, आखूड आवाज देतं. प्लास्टर सुटलं असेल किंवा आतली सळई गंजून काँक्रीट फुगलं असेल, तर आवाज पोकळ आणि लांबट येतो, हाताला ठोका बसल्यासारखाच वाटत नाही. तपकिरी डाग, सळईच्या रेषेत गेलेली भेग, पावसाळ्यात ओल येण्याची खूण यातलं काहीही दिसलं, तर त्या बीमला बोट टांगू नका. आधी दुरुस्ती, मग बोट. तीस-चाळीस वर्षांच्या बंगल्यांत हे बऱ्याचदा दिसतं, आणि ते बोटीपुरतंच नाही तर घरासाठीही महत्त्वाचं आहे.

आपल्याकडे वायरिंगचे पाइप स्लॅबमध्येच गाडलेले असतात. दिव्याच्या पॉइंटपासून भिंतीवरच्या बटणापर्यंत मनात सरळ रेषा ओढा आणि त्या रेषेपासून लांब राहा. तरीही ड्रिल करताना गॅरेजचा मेन बंद करून, दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन वायर आणलेली बरी.

पत्र्याची शेड असेल तर पत्र्याखालच्या आडव्या पर्लिनला काहीही टांगू नका. त्या फक्त पत्रा आणि वारा सोसण्यासाठी असतात. वजन घ्यायचं ते मुख्य कैचीवर, तेही खांबाच्या जवळ. जुन्या लाकडी छताला तुळई चालते, वासा चालत नाही. तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर वाळवी लागलेली आहे.

मोठ्या इमारतींच्या पोडियम पार्किंगमध्ये आणखी एक गोष्ट असते. तिथले काही स्लॅब पोस्ट-टेन्शन पद्धतीचे असतात, म्हणजे आत प्रचंड ताण दिलेल्या पोलादी तारा असतात. ड्रिल त्या तारेला लागलं तर इमारतीचं नुकसान होतं आणि ड्रिल करणाऱ्याच्या जिवालाही धोका असतो. अशा छताला इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागा दाखवल्याशिवाय हात लावू नये. अग्निशमनाच्या लाल पाइपांना दोरी बांधणं तर कुठेच नाही. सोसायटीत साध्या बीमसाठीसुद्धा कमिटीची लेखी परवानगी घ्या. पार्किंग आपल्या नावावर असलं तरी डोक्यावरचा स्लॅब सगळ्यांचा असतो. परवानगी मिळत नसेल किंवा घर भाड्याचं असेल, तर दोन इंची जीआय पाइपची चार पायांची चौकट करून घ्या. बाकी सगळी रचना त्या चौकटीवर जशीच्या तशी करता येते.

बोटीचा तोल कुठे आहे ते शोधा

सतरंजीची घट्ट वळकटी करून जमिनीवर आडवी ठेवा आणि बोट तिच्यावर आडवी टाका. पुढे-मागे सरकवत राहा. एका जागी दोन्ही टोकं उचलली जातील आणि बोट तरंगल्यासारखी थांबेल. तिथे चिकटपट्टी लावा. बैठक, पाय टेकायचे आधार, जे काही बोटीवर कायम राहणार ते सगळं लावूनच हे करा. तोल बोटीच्या मध्यावरच असेल असं धरून चालू नका, बैठकीमुळे तो बहुधा मागे सरकलेला असतो.

या खुणेपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर बोटीला खालून झेलणारे दोन पट्टे येतील. दोन पट्ट्यांमधलं अंतर बोटीच्या लांबीच्या साधारण निम्मं ठेवा: बारा फुटी बोटीला सहा फूट, म्हणजे खुणेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट. बोटीत आतून आडवे पडदे असतील तर पट्टे त्यांच्या जवळ येऊ द्या, तिथे कवच सगळ्यात ताठ असतं. टोकांच्या हँडलना मात्र बोट कधीही टांगू नये. ती उचलून नेण्यासाठी असतात. दोन्ही टोकांना लटकवलेली बोट उन्हाळ्यात मधून खाली झोल खाते आणि तो बाक सहजासहजी जात नाही.

बोट पालथी टांगा, तळ वर आणि डेक, म्हणजे बसायची बाजू, खाली. पॉलिथिलीनच्या बोटींचा तळ सपाट आणि पातळ असतो, पट्ट्याच्या दाबाने तिथे खळगे पडतात. पालथी केली की वजन कडांवर येतं आणि कडा मजबूत असतात. आत पाणी, धूळ साचत नाही हा वरचा फायदा. गाडीच्या टपावरून बोट पालथीच आणत असाल, तर ती टपावरूनच थेट वर उचलता येते, जमिनीवर उतरवायचीही गरज नाही.

एक दोरी की दोन

तयार संचात सहसा एकच लांब दोरी असते. ती एका टोकाला छताशी बांधलेली असते, पहिल्या हुकाच्या कप्पीखालून जाते, वर येते, छतालगत दुसऱ्या बाजूला जाते, दुसऱ्या हुकाच्या कप्पीखालून पुन्हा वर येते आणि मग आपल्या हातात. बोटीचं वजन दोरीच्या चार पदरांवर वाटलं जातं, म्हणून २६ किलोंच्या बोटीला हिशेबाने साडेसहा किलोंचाच जोर पुरतो. कप्प्यांचं घर्षण धरलं तर नऊ-दहा किलो. बदल्यात दोरी चौपट ओढावी लागते: बोट १.८ मीटर वर न्यायला सात मीटरहून जास्त.

हे ऐकायला छान वाटतं, पण यात एक उणीव आहे. एकाच दोरीत सगळीकडे ताण सारखा असतो, त्यामुळे दोन्ही हुकांना सारखाच जोर मिळतो. बोटीचं एक टोक किंचितही हलकं असेल तर ते आधी वर जातं आणि दुसरं मागे राहतं. त्यात भर म्हणून घर्षणामुळे हाताजवळचा हूक आधी उचलला जातो. बोट तिरकी झाली की पट्टे निमुळत्या टोकाकडे सरकू लागतात. तोल अचूक साधला तर हे संच चालतात, सायकलसाठी तर ते ठीकच आहेत. लांब बोटीसाठी मी दोन दोऱ्यांची रचनाच सांगेन.

दोन दोऱ्यांत प्रत्येक टोकाची दोरी स्वतंत्र असते. दोन्ही आपापल्या छतकप्पीवरून छतालगत एकाच दिशेने जातात, भिंतीपाशी दुहेरी कप्पीवरून खाली वळतात आणि एका पोलादी कडीत बांधल्या जातात. कडी एक फूट खाली आली की बोटीची दोन्ही टोकं एक-एक फूट वर जातात. वजन कमी-जास्त असलं तरी फरक पडत नाही, कारण दोन्ही दोऱ्या सारख्याच अंतराने ओढल्या जातात. बोट वर जाताना आडवीच राहते.

यात जोर वाचत नाही, म्हणून कडीलाच एक कप्पी लावा. तिसरी दोरी भिंतीच्या पायथ्याच्या हुकाला बांधा, कडीच्या कप्पीवरून घ्या आणि तिचं मोकळं टोक हातात धरून खाली ओढा. वजन निम्मं झालं: २६ किलोंच्या बोटीला तेरा, घर्षणासह सोळा-सतरा किलो. खालच्या दिशेने ओढताना आपल्या अंगाचं वजन मदतीला येतं, त्यामुळे हे कोणालाही जमतं. बोट तीस किलोंच्या वर असेल तर कडीऐवजी भिंतीला छोटी हात-विंच, म्हणजे हँडल फिरवून दोरी गुंडाळणारं यंत्र, लावा, पण ब्रेक असलेलीच. नुसत्या दातेरी खटक्याची विंच उतरवताना हँडल हातातून सुटलं, तर ते गरगर फिरतं आणि मनगट मोडू शकतं.

बाजारात काय घ्यायचं

रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत सगळं मिळतं. कप्पी मागताना बेअरिंगची मागा आणि हातात घेऊन फिरवून पाहा. नुसत्या पिनेवर फिरणाऱ्या स्वस्त कप्प्या प्रत्येक वळणावर जोर खातात. खाच आठ मिलिमीटर दोरीला पुरेल इतकी रुंद हवी आणि दोरी कडेला सटकून अडकेल अशी फट नको.

दोरी आठ मिलिमीटरची, विणलेली, पॉलिस्टरची. ताकद याहून बारीक दोरीतही पुरेशी असते, पण बारीक दोरी हाताला कापते. नायलॉन ताणतं, ओलं झालं की आणखी ताणतं, आणि टांगलेली बोट महिन्याभरात चार बोटं खाली आलेली दिसते. दुकानात मात्र सगळ्याच दोऱ्यांना नायलॉनची दोरी म्हणतात. निळी-हिरवी, गुळगुळीत, वजनाला हलकी दोरी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. ती उन्हाने भुसभुशीत होते आणि तिच्यात गाठ टिकत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: तुकडा पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, नायलॉन आणि पॉलिस्टर बुडतात.

बाकी सामान पटकन सांगतो. दोन इंच रुंदीचे विणलेले पट्टे दोन, एक पोलादी कडी, स्क्रूने बंद होणारे डी शॅकल (इंग्रजी डीच्या आकाराच्या जोडकड्या), भिंतीवर दोरी बांधायची दोन शिंगांची क्लीट, दहा मिलिमीटरचे अँकर फास्टनर. सगळ्यावर भार किती पेलतो ते कोरलेलं किंवा छापलेलं असावं, आणि कप्प्या-शॅकल निदान दीडशे किलोंचे घ्या. पत्रा वाकवून केलेले, उघड्या तोंडाचे हूक घेऊ नका. बोट किंचित वर उचलली गेली तरी दोरी त्यांतून निसटते.

फॅब्रिकेटरकडून तीन गोष्टी करून घ्या. पहिली, पन्नास बाय पन्नास मिलिमीटरची, तीन मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी, दोन बीममधल्या अंतराएवढी. दुसरी, तिला बीमच्या कुशीत बसवायचे दोन अँगल, प्रत्येकाला दोन बोल्टची भोकं. नळी अँगलवर ठेवून बोल्टने पक्की करायची. बीम कुठे आहेत ते आपल्या हातात नसतं, पण अशी नळी टाकली की कप्प्या नेमक्या हव्या त्या अंतरावर लावता येतात. तिसरी, बोटीच्या रुंदीपेक्षा चार इंच लांब अशा एक इंची पाइपच्या दोन दांड्या, मधोमध आय बोल्टसह, म्हणजे डोक्याला गोल कडी असलेल्या बोल्टसह. पट्ट्याची दोन टोकं दांडीच्या दोन टोकांना बांधली की पट्टा बोटीला कडेने आवळत नाही आणि बोट कुशीवर वळत नाही. सगळ्याला रेड ऑक्साइड आणि रंग लावून घ्या, आपला पावसाळा लोखंडाला सोडत नाही.

बसवताना

छतकप्प्यांमधलं अंतर पट्ट्यांमधल्या अंतराएवढंच ठेवा, म्हणजे दोऱ्या उभ्या सरळ लोंबतील. कप्प्या जास्त लांब-लांब लागल्या तर दोऱ्या पट्ट्यांना टोकांकडे ओढतात, आणि तिकडे बोट निमुळती असते. खबरदारी म्हणून दोन्ही पट्टे एका बारीक दोरीने एकमेकांना जोडून टाका, म्हणजे ते फाकणार नाहीत.

भोक किती मिलिमीटरचं हवं ते फास्टनरच्या जातीवर ठरतं, पाकिटावर लिहिलेलं पाहा. खोली मोजताना प्लास्टर धरू नका, फास्टनर काँक्रीटमध्ये बसायला हवा. ड्रिल झाल्यावर भोकातली भुकटी ब्रशने आणि हवेने साफ करा. हे टाळलं तर फास्टनर भुकटीवर फुलतो आणि वजन आल्यावर घसरतो.

भोकात रसायन भरून बसवायचे अँकरही मिळतात. ते वाईट नाहीत, पण डोक्यावर कायम लटकणाऱ्या वजनासाठी त्यांची निवड जाणकाराने करावी. २००६ साली अमेरिकेत बॉस्टनच्या बोगद्यात छताचे काँक्रीटचे जड पॅनेल एका मोटारीवर कोसळले आणि आतल्या बाईंचा जीव गेला. चौकशीत कारण निघालं ते अँकरमधल्या इपॉक्सीचं. वापरलेली जात सततच्या भाराखाली हळूहळू सरकत जाणारी होती. बसवल्या दिवशी सगळं घट्टच होतं.

भिंतीवरची वळणकप्पी, पायथ्याचा हूक आणि क्लीट हे तिन्ही कॉलमवर बसवा. नव्या इमारतींतल्या भिंती बहुधा सिपोरेक्सच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या असतात, त्यांतून साधा प्लग हाताने ओढला तरी निघतो. वळणकप्पीवर भारही सगळ्यात जास्त येतो. दोरी आडवी येऊन खाली वळते, त्यामुळे २६ किलोंची बोट तिथे सुमारे ३७ किलोंनी ओढते.

दोऱ्यांची लांबी जुळवायची ती बोट जमिनीवर पालथी, पट्ट्यांत बसवलेली असताना. दोन्ही दोऱ्या सारख्या ताठ करा आणि मगच कडीत गाठ मारा. दुहेरी आठाची गाठ मारा. ती सरकत नाही, आणि योग्य बांधली आहे की नाही हे लांबूनही कळतं. गाठीबाहेर वीतभर टोक सोडा.

बोटीआधी पाणी टांगा

पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार प्रत्येक घरी किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. भरलेला एक जार वीस किलोंच्या थोडा वर जातो. चार जार घ्या, दोन-दोन पोत्यांत घालून एकेका दांडीला बांधा. हे झालं बोटीच्या तिप्पट वजन. जमिनीपासून फक्त वीतभर वर उचला, दोरी बांधा आणि रात्रभर तसंच राहू द्या. एवढं वजन वर घेताना दोरीवर दोघं लागतील.

उचलण्याआधी अँगल जिथे बीमला टेकतो तिथे पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवा. सकाळी तीच रेघ पाहा. अँगल रेघेवरून केसभरही हलला असेल, बोल्टभोवती ताजी भुकटी पडली असेल किंवा प्लास्टरला चीर गेली असेल, तर ते भोक सोडून द्या. जार जमिनीच्या जवळ आलेले दिसले पण अँगल जागचे हलले नसतील, तर दोरी ताणली आहे किंवा गाठी बसल्या आहेत. गाठी पुन्हा आवळून आणखी एक रात्र ठेवा.

बोट वर नेताना

पहिले काही वेळा दोघं असा. एकजण दोरीवर, दुसरा बोटीच्या टोकाशी, पण कधीही बोटीखाली नाही. बोलायचे शब्द आधी ठरवा: "ओढ", "थांब", "सोड", इतकेच. दोरीवरच्याने हातमोजे घालावेत आणि दोरी मुठीभोवती गुंडाळू नये. बोट अचानक खाली आली तर हात दोरीबरोबर कप्पीकडे ओढला जातो. मुलं आणि कुत्रा तेवढा वेळ घरात.

कंबरेएवढी उंची आल्यावर थांबा. पट्टे खुणेवर आहेत का, बोट आडवी आहे का, एवढं पाहून मग पुढे. वर पोचल्यावर दोरी क्लीटला बांधताना आधी तिच्या बुडाभोवती एक पूर्ण वेढा घ्या. या वेढ्यातच निम्मा भार मुरतो. मग दोन शिंगांवरून तिरके आठ-आठ काढा, दोन-तीन पुरेत. शेवटचा आठ उलटा पीळ देऊन शिंगावर चढवा आणि ओढून बसवा. उरलेली दोरी वेटोळं करून उंच खुंटीला अडकवा, मुलांच्या हाताला येईल अशी लोंबती ठेवू नका. तयार संचातल्या आपोआप अडकणाऱ्या खटक्यावर विसंबू नका. दोरी झिजली किंवा खटक्यात धूळ बसली की तो घसरतो.

आता यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. बोट वर गेल्यावर प्रत्येक टोकाला एक स्वतंत्र पट्टा वरच्या चौकोनी नळीवरून घ्या आणि बोटीखालून घालून बकल लावा. ताणू नका, दोन बोटं जातील इतका सैल ठेवा. दोरी, कप्पी, कडी, क्लीट यांपैकी काहीही सुटलं, तरी बोट इंचभर खाली येऊन या पट्ट्यांत बसेल. स्टूलवर चढून दोन बकलं लावायचा आळस येतो हे खरं, पण खाली आपली गाडी असते आणि गाडीत आपली माणसं बसत असतात.

उतरवताना आधी दोरीवर भार घ्या, मग सुरक्षा पट्टे काढा. क्लीटवरचे आठ काढा, पण बुडाचा तो एक वेढा तसाच ठेवून दोरी हळूहळू सोडा. वेढा ब्रेकचं काम करतो.

नंतरची निगा

बोट वर चढवण्याआधी कोरडी करा. ड्रेन प्लग काढून ठेवा, हॅचची झाकणं सैल करा, म्हणजे आतली हवा खेळती राहील. पावसाळ्यात बंद बोटीत बुरशी धरते आणि लाइफ जॅकेटलाही वास येतो, म्हणून जॅकेट बोटीत न कोंबता वेगळं टांगा. दिवेआगर किंवा मालवणहून आला असाल तर बोट, पट्टे, बकलं गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय वर नेऊ नका. मीठ शॅकलचे आटे खातं. उघड्या कॉकपिटवर, म्हणजे बसायच्या खोबणीवर, जाळीचं कापड बांधलं तर गांधीलमाश्या घर करत नाहीत.

पत्र्याच्या शेडमध्ये बोट पत्र्यापासून निदान एक फूट खाली ठेवा. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्यालगतची हवा फार तापते आणि प्लास्टिक मऊ पडतं. त्या दोन महिन्यांत पंधरा-वीस दिवसांनी बोट उतरवून पट्टे चार बोटं इकडे-तिकडे सरकवत राहा. पट्ट्याखाली हलका खळगा दिसला तर घाबरू नका. बोट थोडा वेळ उन्हात पालथी ठेवली, की बहुतेक वेळा तो आपला आपण भरून येतो.

वर्षातून दोनदा, मृगाच्या पावसाआधी आणि दसऱ्याच्या सुमारास, सगळं खाली घेऊन तपासा. फास्टनरचे नट पान्याने आवळून पाहा. कप्पी हाताने फिरवा, करकरली तर बदला. दोरी वीत-वीत करत बोटांतून सरकवा. वरचं वेष्टन फाटलेलं, कुठे कडक झालेलं किंवा मधेच बारीक पडलेलं लागलं, तर तेवढा तुकडा कापून गाठ मारू नका, पूर्ण दोरी बदला. कप्पीवर रोज एकाच जागी टेकणारा दोरीचा भाग सगळ्यात आधी झिजतो, म्हणून दोरी वर्षाने उलटी करून लावली तर ती जास्त टिकते. बीमवर मात्र दर पावसाळ्यानंतर पुन्हा हातोडी मारून बघा. आवाज बदललेला वाटला तर बोट त्याच दिवशी खाली घ्या.